पाचवी गोळी आणि चार पाव

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळची नाडी ५४.

ही वही डॉक्टर हद्दादबाईंच्या हुकमावरून. मार्चमध्ये माझ्या हृदयाच्या एका नळीत जाळी बसवली, तेव्हापासून मी त्यांच्या ताब्यात आहे. रोज उठल्यावर नाडी मोजायची, दिवसात छातीत धडधडलं की पुन्हा मोजायची, आणि त्या वेळी आपण काय करत होतो ते लिहायचं. "खरं तेच लिहा, केर्स्टिंगसाहेब," म्हणाल्या, "शोभेल ते नको."

मी म्हटलं, बाई, दहा वर्षं मी जर्मनीच्या संघातून बायथलॉन खेळलोय. पाठीवर बंदूक घेऊन स्कीवर छाती फुटेस्तोवर पळायचं, आणि मग तसंच धापा टाकत उभं राहून पन्नास मीटरवरच्या बशीएवढ्या ठिपक्यांवर पाच गोळ्या. नाडी म्हणजे काय ते मला शिकवू नका. त्यांनी शांतपणे माझं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "आत्ता रागावलात. अठ्ठ्याहत्तर."

बाई हुशार आहे. मला असली माणसं आवडत नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार
सकाळी ५३. बेकरीत ९८.

ही गंभीर बाब आहे. रोजच्यासारखा साडेसातला रोझविताच्या बेकरीत गेलो. "चार पाव," म्हटलं. तिने चार पाव दिले, म्हणाली, "रंग बरा दिसतोय आज." बाहेर येऊन नाडी धरली तर अठ्ठ्याण्णव. बेकरीला तीन पायऱ्या आहेत. ज्या माणसाने नॉर्वेचे डोंगर पालथे घातले त्याला तीन पायऱ्या भारी पडाव्यात, याला म्हातारपण म्हणतात.

मी दोनच पाव खातो. उरलेल्या दोनांचा वाळवून चुरा करतो. घरात चुरा असावा.

१९ एप्रिल, शनिवार
सकाळी ५४. चर्चच्या मनोऱ्यावर ९१. बेकरीत १०२.

पायऱ्यांची शंका फेडून घेतली. चर्चच्या मनोऱ्याला एकशे बारा पायऱ्या. चढलो, वर नाडी धरली. एक्क्याण्णव. उतरलो, तास-दीड तास बाकावर बसलो, नाडी जाग्यावर आली, मग बेकरीत गेलो. तीन पायऱ्या. एकशे दोन. म्हणजे पायऱ्या निर्दोष आहेत. रोझविता विचारत होती की मनोऱ्यावर काय करत होतास, अख्ख्या हेलेनबाख गावाने पाहिलं. म्हटलं, हवा बघत होतो.

आता संशय पिठावर आहे. तिथे हवेत पीठ उडत असतं.

२३ एप्रिल, बुधवार
सकाळी ५३. पिठात ५८.

दोन किलो मैदा आणला, परातीत ओतला, वर तोंड धरून दहा मिनिटं श्वास घेतला. नाडी अठ्ठावन्न. काही नाही! नेमका तेव्हाच आन्सगार दार न वाजवता आत आला. आन्सगार म्हणजे आमच्या नेमबाजी मंडळाचा कप्तान आणि माझा शाळेपासूनचा मित्र. सुतारकामातून निवृत्त झालाय, पण जिभेचा रंधा अजून चालू आहे.

"आई गं!" माझं पांढरंफटक तोंड बघून म्हणाला. "लेका, तू कधी गेलास? मला कळवायचं तरी!"

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने नीट ऐकलं आणि विचारलं, "बेकरीत पीठ सोडून अजून काय काय असतं?"

म्हटलं, "यीस्ट."

त्याने माझ्या नाकावरचं पीठ पुसलं. मग म्हणाला, "जा, तळ्याला एक फेरी मारून ये."

हे बोलणं इथे सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि त्याला कारण मी आहे. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, फिनलंडमधल्या शर्यतीत मी चार ठिपके पाडले आणि पाचवा चुकलो. चुकलेल्या गोळीला दीडशे मीटरचा एक फेरा जादा पळावा लागतो. तो पळालो आणि सहा सेकंदांनी पदक गेलं. चौथा आलो. गावाने माझं सांत्वन असं केलं की चर्चमागच्या बदकांच्या तळ्याभोवतीची वाट मोजून दीडशे मीटरची केली आणि तिथे पाटी लावली : 'माइनोल्फचा फेरा'. आता कुणी बायकोचा वाढदिवस विसरला, कुणी गाय समजून बैल विकत आणला, की त्याला फेरी. पाद्रीबाबासुद्धा एकदा लग्नात नवरीचं नाव चुकले आणि झगा सावरत फेरी मारून आले.

३० एप्रिल, बुधवार
सकाळी ५४. बेकरीत ९९.

यीस्टही तपासलं. निर्दोष.

८ मे, गुरुवार
सकाळी ५५. बेकरीत किती ते यंत्रात आहे.

डॉक्टरबाईंनी छातीला चोवीस तासांसाठी यंत्र चिकटवलंय. तारा लोंबतात. वरून शर्ट घातला तरी मी चोरून टोस्टर नेतोय असं वाटतं.

तसाच बेकरीत गेलो. रोझविता पाव भरता भरता म्हणाली, "माइनोल्फ, तुला सांगायचं होतं. नेमबाजीच्या जत्रेनंतर मी भट्टी बंद करतेय. लेक म्हणते, कीलला माझ्याकडे ये. समुद्र आहे, नातू आहे. इथे माझं काय आहे आता?"

मी म्हटलं, "कीलला वारा फार असतो."

ती म्हणाली, "एवढंच?"

मी विचार करून म्हटलं, "दमटपणाही."

तिने पिशवी दिली. घरी येऊन मोजले तर पाव पाच निघाले. एक जास्त. तिचं लक्ष नव्हतं.

९ मे, शुक्रवार
सकाळी ६१. झोप नाही. यंत्रामुळे असेल.

डॉक्टरबाईंनी कागदाची लांबच लांब पट्टी टेबलावर पसरली. सगळीकडे सपाट मैदान आणि मध्येच एक आल्प्सचा डोंगर.

"काल सकाळी सात चौतीसला काय केलंत?"

"चार पाव घेतले."

"पळत?"

"उभ्याने."

बाई पट्टीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग खिडकीतून बाहेर. तिथून बेकरी दिसते. "कोण देतं पाव?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आणि त्या जाताहेत म्हणे." मी म्हटलं, गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी पट्टीची गुंडाळी केली. "केर्स्टिंगसाहेब, जाळी उत्तम आहे. यावर माझ्याकडे गोळी नाही."

म्हणजे असाध्य आहे. बाईंनी ते हसत सांगितलं हे मला खटकलं.

२ जून, सोमवार
सकाळी ५८.

रोझविताला बांधाबांध एकटीने कशी झेपणार? मी मदतीला जातो. खेळ सुटल्यावर मी सत्तावीस वर्षं कस्टम खात्यात होतो, दुसऱ्याचं सामान या विषयात माझा हात कुणी धरणार नाही. प्रत्येक खोक्याला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची यादी, यादीच्या दोन प्रती. आज एका दिवसात चौदा खोकी झाली. काच वेगळी, कापड वेगळं, लोखंड तळाला.

रोझविता दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुला फारच घाई झालेली दिसते मला पाठवायची."

मी म्हटलं, "अगं, नीट बांधलं की काही मोडत नाही."

"हो ना," म्हणाली आणि भट्टीकडे गेली. तिकडे ती भाजायचे पत्रे फार आपटत होती. बायकांचे स्वभाव वयाबरोबर चिडचिडे होतात.

१४ जून, शनिवार
सकाळी ५८. खोका क्रमांक एकतीसजवळ ११०.

पाककृतींचं कपाट आवरताना तळच्या खणात अंथरलेला जुना कागद निघाला. बघतो तर फिनलंडच्या शर्यतीची बातमी, आणि माझा फोटो. बर्फात हात टेकून बसलोय तो. पेपरवाल्यांना दुसरा फोटो मिळाला नाही. नवल म्हणजे कात्रण नीट कापून प्लास्टिकमध्ये घातलेलं होतं. खणाला ओल येऊ नये म्हणून असणार. कागद वाया घालवणाऱ्यांतली ती नाही.

"हे टाकायचं का?" मी विचारलं.

तिने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. "ते माझ्या पर्समध्ये येईल," म्हणाली.

यादीत मी तसं लिहिलं.

फोटो बघून एक आठवलं. फिनलंडला जायच्या आदल्या दिवशी मी याच बेकरीत आलो होतो. तेव्हा ती बापाच्या हाताखाली गल्ल्यावर असायची, पिठाने भुवया पांढऱ्या. मी म्हणालो होतो, पदक घेऊन आलो की तुला एक विचारायचंय. पदक आलं नाही, मग विचारायचा प्रश्नच नव्हता. रिकाम्या हाताने काय विचारतात? मुहूर्त टळला तो टळला. पुढच्या हिवाळ्यात तिचं फ्रांत्सशी लग्न झालं. फ्रांत्स भला माणूस होता, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. काय विचारायचं होतं ते आता नीट आठवत नाही. उन्हाळ्यातल्या नाचाबद्दल असावं.

१ जुलै, मंगळवार
सकाळी ५९.

आन्सगारने यंदाचा पक्षी दाखवला. जत्रेच्या सोमवारी उंच खांबावर लाकडी गरुड चढवतात, पाळीपाळीने सगळे गोळ्या घालतात, आणि शेवटचं धूड जो पाडेल तो वर्षभर गावाचा राजा. राजाने तिथल्या तिथे राणी निवडायची. मग वर्षभर प्रत्येक मिरवणुकीत ती दोघं पुढे. आणि पक्षी डुगडुगायला लागला की आमच्या शूर पुरुषांना एकदम घरची कामं आठवतात.

"या वर्षी ओकाचं लाकूड घातलंय," आन्सगार म्हणाला. "सरस पण ओतलाय भरपूर. तीनशे गोळ्या खाईल." मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तू मारणार ना? की यंदाही ढगांची शिकार? बशीएवढा ठिपका पाडणारा माणूस, आणि एकतीस वर्षं तुला खांबावरचा हंसाएवढा पक्षी लागत नाही! तोही स्टँडला बांधलेल्या बंदुकीने!"

गावाला वाटतं पाचव्या गोळीची भीती मनात बसली. डॉक्टरबाईंनी खरं लिहा म्हणून सांगितलंय, तर लिहितो. मी मुद्दाम चुकवतो. पक्षी पडला तर राणी निवडावी लागेल, आणि मी कुणाचं नाव घेणार? मी ब्रह्मचारी माणूस. फ्रांत्स होता तोवर तर तोंड उघडायची सोयच नव्हती.

वरची ओळ पुन्हा वाचली. त्यात फ्रांत्स काय करतोय, कळत नाही. खोडत नाही, कारण खोडलेलं डॉक्टरबाई आधी वाचतात.

११ जुलै, शुक्रवार
सकाळी ६३.

डॉक्टरबाईंना विचारलं, जत्रेत बंदूक चालवू का? "चालवा," म्हणाल्या. "पण एकच गोळी. मी तिथे उभी असेन." मग म्हणाल्या, "गावात आल्या आल्या मला वाटलं होतं, लाकडाच्या पक्ष्याला मारायला तीनशे माणसं सकाळी सातला बियर पितात, हा काहीतरी साथीचा रोग आहे. आता मलाही चटक लागलीय."

रोझविताची खोकी त्रेचाळीस झाली. ट्रक मंगळवारी येणार. यादी पूर्ण झाली. एवढं चोख काम मी खात्यातही केलं नव्हतं. घरी येऊन स्वयंपाकघरात बसलो. फळीवर चुऱ्याच्या बरण्या आहेत, मोजल्या तर सदतीस. एकट्या माणसाला एवढा चुरा कशाला लागतो? मंगळवारपासून पाव कुठून आणायचे, हा विचार करता करता सगळ्या बरण्या उतरवून पुसल्या आणि पुन्हा लावल्या. नाडी मोजायची राहिली.

१४ जुलै, सोमवार

सकाळची नाडी मोजली पण लिहीत नाही. बाई ओरडतील.

सात वाजता मैदानावर बँड, बियर आणि रोझविताच्या पावांचं टेबल. तिचा भट्टीचा शेवटचा दिवस. सगळे तिला कीलची चौकशी करत होते, ती हसून उत्तरं देत होती. मी तिथे गेलोच नाही. लांबून नाडी मोजली, लांबूनही पंच्याऐंशी.

आन्सगारचा ओक खरोखरच दांडगा निघाला. दोनशे सत्याऐंशी गोळ्या झाल्या. मुकुट गेला, पंख गेले, शेपूट गेलं. मग एक गोळी लागली आणि धूड एका खिळ्यावर कलंडून कर्रर्र वाजायला लागलं. झालं! रांगेत पुढे असलेला पोस्टमन म्हणाला, "माझं गॅसवर दूध राहिलं." त्याच्या मागचा शेतकरी म्हणाला, "माझी गाय विणार आहे," आणि त्याची गाय मीच मार्चमध्ये व्यालेली पाहिली होती. तिसरा काही न बोलता पळाला. बंदुकीपाशी चिटपाखरू उरलं नाही. पुढे बघितलं तर रांगेत मीच पहिला.

"माइनोल्फ केर्स्टिंग!" आन्सगारने भोंग्यातून पुकारलं. "गोळी एक!"

मी उभा राहिलो. डॉक्टरबाई येऊन मनगट धरून उभ्या राहिल्या. "एकशे चोवीस," पुटपुटल्या. गालाला बंदूक लावली आणि सवयीने थांबलो. नाडी खाली येऊ द्यायची, दोन ठोक्यांच्या मध्ये गोळी सोडायची. फिनलंडलाही हेच केलं होतं. पाचव्या गोळीला नाडी उतरेना, म्हणून थांबलो. अजून थोडं थांबलो. थांबता थांबता पाय लटपटायला लागला, आणि गेली. चुकायचं तर आजही सोपं होतं, नळी बोटभर वर केली की काम झालं. एकतीस वर्षांचा सराव आहे.

तेवढ्यात पावांच्या टेबलाकडून आवाज आला.

"अरे, किती थांबशील? तेव्हाही टीव्हीवर असाच थांबला होतास! मी इकडे बेकरीत ओरडत होते, मार रे मेल्या, मार!"

"एकशे एकेचाळीस," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उतरणार नाही ती. मी वही वाचलीय."

मी चाप ओढला.

ओक खाली आला तो खिळ्यासकट. मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. बँड वाजायला लागला, चौघांनी मला खांद्यावर घेतलं, डॉक्टरबाई "खाली ठेवा त्यांना! जाळी आहे!" म्हणून मागून धावत होत्या. आन्सगारने माझ्या गळ्यात चांदीची साखळी घातली आणि भोंगा माझ्या तोंडापुढे धरला. "राजे, राणी कोण?"

मी त्या टेबलाकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या बाईशी बोलायचं एकच वाक्य मला पाठ होतं, तेच बाहेर पडलं.

"चार पाव."

अख्खं मैदान खो खो हसलं. रोझविता हसली नाही. ॲप्रनला हात पुसत समोर आली. "अकरा वर्षं चार पाव नेतोस," म्हणाली, "आणि खातोस दोन. मला काय दिसत नाही? तुझ्या खिडकीत बरण्या दिसतात. नीट बोल, माणसं ऐकताहेत."

खांद्यावरच्या माणसांना मी म्हटलं, मला उतरवा. जमिनीवर पाय टेकल्यावर बोललो. "रोझविता, राणी होशील का? आणि कीलला जाऊ नकोस. तू गेलीस तर मी रोज सकाळी साडेसातला कुठे जाऊ? हेच विचारायचं होतं तेव्हा. म्हणजे हे नाही, पण हेच."

"एकोणचाळीस वर्षं लागली?"

"पदक नव्हतं."

"पदक मागितलं कुणी होतं, गाढवा?" तिचे डोळे भरले होते आणि आवाज मात्र भांडणाचा. "आणि माझं सामान बांधलंस! त्रेचाळीस खोकी! क्रमांक घालून!" मग तिने माझ्या गळ्यातली साखळी सरळ केली. "होईन राणी. पण आधी तळ्याला फेरी. गावाचा नियम आहे."

बँड वाजवत सगळे तळ्यापर्यंत आले. मी एकटाच निघालो होतो, पाटीपाशी ती येऊन बरोबर चालायला लागली. "चूक तुझी एकट्याची नाही," म्हणाली, "मीही वाट बघत बसलेच की."

उमेदीच्या काळात मी दीडशे मीटरचा फेरा चोवीस सेकंदांत पळत असे. आज आम्हाला पाऊण तास लागला. बदकं कंटाळून झोपली.

१६ जुलै, बुधवार

काल ट्रक आला आणि रिकामा गेला. लेकीचा कीलहून फोन आला, आधी आरडाओरडा, मग रडणं, मग तिने विचारलं की राणीचा झगा कुठल्या रंगाचा. दिवसभर खोकी सोडली. यादी चोख होती म्हणून काहीच शोधावं लागलं नाही, हे मी रोझविताला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिने मला फेरीला पाठवलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, आता वही बंद केली तरी चालेल. शेवटची नोंद करून देतो.

सकाळची नाडी : मोजली नाही, हात मोकळा नव्हता.
पाव : चार. उरला एकही नाही.